‘स्थानिक लोक’ म्हणजे नेमके कोण?

सह्याद्रीतील गूढकथा, भुताखेतांच्या आख्यायिका आणि ‘न उलगडलेली रहस्ये’ यांचे पीक मराठीत सध्या उदंड आले आहे. दिवाळी अंक, गडकिल्ल्यांच्या मार्गदर्शिका, वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्या, महाजालावरील ध्वनिचित्रफिती, कोठेही पाहा, अमुक घाटातील हडळ, तमुक बुरुजावरचा मुंजा, अमक्या डोहातील आसरा हजर असतात. या सर्व लेखनात एक वाक्य हमखास आढळते : ‘स्थानिक लोक असे सांगतात की...’ आमची तक्रार या वाक्याविरुद्ध आहे. वरवर ते विनम्र दिसते. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगतो आहोत, असा प्रामाणिकपणाचा आव त्यात असतो. प्रत्यक्षात ते सांगणाऱ्या माणसाला पुसून टाकण्याचे साधन आहे. कोणी सांगितले, कोणत्या पाड्यावर, कोणत्या साली, कोणत्या बोलीत, कोणाच्या देखत, आणि सांगणाऱ्याचा त्या गोष्टीवर विश्वास होता की तो पाहुण्याची गंमत करत होता, यांतले काहीही वाचकाला कळत नाही. कथा शिल्लक राहते, तिचा पत्ता नाहीसा होतो. पत्ता नसलेली दंतकथा अभ्यासाच्या कामाची नाही, असे आमचे ठाम मत आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी ती पुरावा म्हणून उद्धृत करणे थांबवावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

उदाहरण म्हणून मुरबाड तालुक्यातील वैशाखरे हे गाव घेऊ. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सह्याद्रीच्या पायथ्याशी ते वसले आहे. नाणेघाट कोकणच्या बाजूने चढू इच्छिणारे लोक वैशाखऱ्यानंतर डांबरी रस्ता सोडून रानात शिरतात. वर, जुन्नर तालुक्याच्या हद्दीत, सातवाहनकालीन लेणे आहे; त्यात ब्राह्मी लिपीतील मोठा लेख आहे; घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे; आणि पायथ्यावरून पाहिले की ‘नानाचा अंगठा’ म्हणून ओळखला जाणारा कडा दिसतो. एवढ्या सामग्रीवर दंतकथा न रुजती तरच नवल. नाना आणि गुणा या दोन भावांनी घाट पाडण्याची पैज लावली आणि ज्याचा घाट आधी पुरा झाला त्याचे नाव राहिले, अशी एक कथा सांगतात. दुसरी कथा रांजणाची. सातवाहनांच्या काळी या घाटाने जाणारे व्यापारी जकातीची नाणी या रांजणात टाकत. नाणी म्हणून नाणेघाट.

आता या दोन कथांना मराठी वाचनव्यवहारात मिळणारी वागणूक पाहावी. भावांच्या पैजेची गोष्ट ‘दंतकथा’ या सदरात पडते. स्थानिक लोकांची भाबडी समजूत म्हणून तिचा कौतुकाने उल्लेख होतो. रांजणाची गोष्ट मात्र इतिहास म्हणून छापली जाते, सहलीतील मुलांना शिक्षक ती इतिहास म्हणूनच सांगतात. वास्तविक रांजणावर त्याचा उपयोग सांगणारा कोणताही लेख नाही. लेण्यातील मोठ्या लेखाचे वाचन गेओर्ग ब्यूलर यांनी १८८३ साली प्रसिद्ध केले. त्याआधी कर्नल साइक्स यांनी या लेखांकडे लक्ष वेधले होते आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्यांवर काम केले होते. त्या लेखात आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि लोकपाल यांना वंदन आहे. पुढे अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणांची मोजदाद आहे : गाई, घोडे, हत्ती, गावे, कार्षापण. मोजदाद इतकी तपशीलवार की भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात या लेखाला महत्त्वाचे स्थान मिळाले. पण जकातीचा त्यात उल्लेख नाही. घाटात जकात घेतली जात असणे अगदी संभवनीय आहे. हा घाट जुन्नर आणि कोकणातील बंदरे यांना जोडणारा होता. संभव आणि पुरावा यांतील अंतर मात्र शिकलेल्या माणसाने तरी ओळखावे. रांजणाची कथा ही सुशिक्षितांची दंतकथा आहे. तिला भूतकाळातील व्यापाराचा वास आहे, तिच्यात चमत्कार नाही, म्हणून ती आपल्याला इतिहास वाटते. भावांच्या कथेत पैज आहे, म्हणून ती आपल्याला दंतकथा वाटते. कोणती कथा कोणत्या कप्प्यात जाणार हे पुराव्यावरून ठरलेले नाही. सांगणारा कोण, यावरून ठरलेले आहे.

तिसरे उदाहरण अगदी अलीकडचे. पावसाळ्यात नाणेघाटाजवळच्या कड्यावरून कोसळणारे पाणी वाऱ्याच्या जोराने परत वर उडते. कोकणातून येणारा वारा उभ्या कड्याला आपटून वर चढतो आणि पाण्याची धार पुन्हा माथ्यावर फेकतो. सरळ कारण असलेली ही गोष्ट ‘गुरुत्वाकर्षणाला आव्हान देणारा उलटा धबधबा’ या मथळ्याखाली दरवर्षी रहस्य म्हणून विकली जाते. ज्यांना आपण अंधश्रद्ध समजतो त्या पाड्यांवरील माणसे वाऱ्याच्या भरवशावर शेतात तूस पाखडतात. वाऱ्याने काय काय उडते हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. ‘रहस्य’ शहरातून आले आणि त्याखाली पुन्हा स्थानिकांचे नाव लावले गेले. ‘स्थानिक लोक’ या शब्दाआड अनेकदा स्थानिक माणूस नसतोच. पुण्यामुंबईचा लेखक असतो. त्याला अद्भुत हवे असते आणि त्याची जबाबदारी मात्र नको असते.

येथे कोणी म्हणेल, लोकसाहित्य हे मुळातच निनावी असते. त्याला पत्ता मागणे हा ग्रंथालयीन हट्ट झाला. हा आक्षेप साहित्याच्या वर्गांत वारंवार ऐकू येतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. लोककथेचा कर्ता निनावी असतो, हे खरे. सांगणारा निनावी कधीच नसतो. तो विशिष्ट गावचा, विशिष्ट जातीजमातीचा, पुरुष किंवा बाई, भगत किंवा भगतावर राग असलेला असतो. चकव्याची गोष्ट घ्या. रात्री रानातून जाणारा माणूस त्याच त्या जागी फिरत राहतो, त्याला चकवा लागला असे म्हणतात. अशा वेळी जागीच बसून उजाडण्याची वाट पाहावी, असा सल्लाही त्याबरोबर दिला जातो. पत्ता काढून टाकला तर ही एक धूसर भयकथा उरते. पत्ता ठेवला, म्हणजे अमुक खिंडीच्या खाली, अमुक ओढ्यापाशी दोन सारख्या वाटा फुटतात तेथे चकवा आहे असे नोंदले, तर तीच गोष्ट त्या रानातील वाटांचे ज्ञान ठरते. आत काय दडले आहे हे पत्त्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही. कर्त्याच्या निनावीपणाचा आधार घेऊन सांगणाऱ्याला निनावी करणे ही लबाडी आहे.

ज्यांच्या गूढकथांचा मराठी वाचकावर मोठा प्रभाव आहे त्या इंग्रजांनी हे काम कसे केले, तेही पाहावे. त्यांच्या खेड्यांतही भुतांची वाण नाही. पूर्व इंग्लंडमधील काळ्या कुत्र्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. बंगी आणि ब्लायबर्ग या दोन गावांच्या चर्चांमध्ये ४ ऑगस्ट १५७७ रोजी वादळात काळा कुत्रा शिरला आणि माणसे मेली, असे सांगणारी पुस्तिका अब्राहम फ्लेमिंग याने त्याच वर्षी छापली. त्या दिवशी वीज पडली असावी, हे आज कोणीही म्हणेल. मुद्दा वेगळा आहे. गाव ठाऊक आहे, तारीख ठाऊक आहे, पहिली नोंद कोणाची हे ठाऊक आहे. त्यामुळे पुढील चार शतकांत कथेला काय काय चिकटत गेले, हे अभ्यासकाला दाखवता येते. लंडनमध्ये १८७८ साली लोकविद्येची संस्था स्थापन झाली. जेनिफर वेस्टवूड आणि जॅकलीन सिम्प्सन यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला इंग्लंडच्या दंतकथांचा कोश परगण्यांनुसार आणि त्यातही गावांनुसार लावलेला आहे; कथा कोठे आणि केव्हा प्रथम नोंदली गेली, याचा शोध त्यात घेतला आहे. आपल्याकडील गूढलेखकांनी इंग्रजी भुते घेतली, धुके घेतले, ओसाड वाडा घेतला. ही शिस्त तेवढी तिकडेच राहू दिली.

ही शिस्त आपल्याला अगदी परकी होती असेही नाही. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी मुंबई इलाख्यातील शाळामास्तरांना प्रश्नावल्या पाठवून देव, भुते, झाडे, विहिरी, दृष्ट, करणी यांविषयीची माहिती मागवली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनचा वध केला. जमलेली सामग्री पुढे एन्थोव्हेन यांनी संपादित केली. कोकणाचा खंड १९१५ साली निघाला. त्या खंडात बहुतेक नोंदींना माहिती पाठवणाऱ्या शाळेच्या गावाचे नाव जोडलेले आहे. त्या पद्धतीचे दोष आम्ही झाकणार नाही. ठाकर किंवा कातकरी सांगणार, मास्तर त्याला प्रमाण मराठीचे सोवळे नेसवणार, साहेब ते इंग्रजीत आणणार. इतक्या गाळण्यांतून सांगणाऱ्याचा आवाज उरणे कठीण. तरीही निदान गाव उरले. स्वातंत्र्यानंतर दुर्गाबाई भागवत यांनी ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ लिहून अभ्यासाची चौकट दिली, रा. चिं. ढेरे यांनी दैवतकथांचा माग स्थळे आणि ग्रंथ यांच्या साहाय्याने काढला. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पायी हिंडून ग्रामदेवतांची ठाणी आणि जुने व्यापारी मार्ग यांचा संबंध १९६२ च्या आपल्या ग्रंथात मांडला. म्हणजे वाट दाखवणारे होते. त्यांच्या नावाने चर्चासत्रे भरवणाऱ्या मराठी विभागांमध्ये त्या वाटेने चालणारे कमी झाले, हे आमचे दुखणे आहे.

याचा पुरावा वाघोबाच्या रूपाने समोर आहे. ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वाघदेवाची ठाणी गावोगाव आहेत. दगडावर किंवा लाकडावर कोरलेला वाघ, वर चंद्रसूर्य, शेंदूर; वाघबारशीला पूजा. एका बाईच्या पोटी जन्मलेला मुलगा वाघ होतो, गावकरी त्याला मारायला निघतात, आई मध्ये पडते आणि करार होतो : गावाने त्याला ठाणे आणि वर्षाचा मान द्यावा, त्याने रानात राहून गावाची राखण करावी. कथेचे पाठ अनेक आहेत, पण कराराची कल्पना मध्यवर्ती आहे. साहित्याच्या अभ्यासकाने जन्मभर पुरावी इतकी ही सामग्री. तिचा पद्धतशीर माग कोणी काढला? वन्यजीव अभ्यासकांनी. रम्या नायर, विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी नोंदली गेली, वारल्यांकडून कथा ऐकल्या गेल्या आणि बिबट्याच्या शेजारी राहणारी माणसे या कथांचे काय करतात, हा प्रश्न विचारला गेला. याच अत्रेय यांच्या प्रकल्पात २००९ साली माळशेज घाटात गळपट्टा बांधून सोडलेला बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. त्याच्यावर २०१४ साली ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट निघाला. बिबट्याचा माग उपग्रहाने ठेवला, ठाण्यांचा माग पायी ठेवला. प्राणिशास्त्राच्या माणसांना जे जमले ते मराठीच्या माणसांना का जमू नये? ‘आदिवासी लोकसाहित्यातील वाघ’ या नावाचा प्रबंध ग्रंथालयात बसून, जुन्या संकलनांतील उताऱ्यांची फेरमांडणी करून लिहिता येतो आणि त्याला पदवीही मिळते, हे याचे एक उत्तर आहे.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे वळू. तो विवेकवाद्यांचा आहे, आणि आम्हांला त्याविषयी आदर आहे. भुताखेतांच्या कथा जपणे म्हणजे भगताच्या धंद्याला खतपाणी घालणे, असे ते म्हणतात. करणी केल्याच्या संशयावरून बायकांना मारहाण होते, धिंड निघते, जीव जातात. हे वास्तव नाकारण्याचा निर्लज्जपणा कोणीही करू नये. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले तो त्यानंतर त्याच वर्षी झाला. हा कायदा हवाच होता. पण आमचा प्रश्न असा : पत्ता नसलेल्या कथांनी नेमके कोणाचे भले होते? ‘फार वर्षांपूर्वी एका गावात एक चेटकीण होती’ असे लिहिले की ती बाई विधवा होती का, तिच्या नावावर जमीन होती का, आरोप करणाऱ्याची नजर त्या जमिनीवर होती का, हे प्रश्न उद्भवतच नाहीत. उरते ती फक्त चेटकीण. पत्ता मागणारा अभ्यासक पहिल्याच फेरीत या प्रश्नांपाशी पोहोचतो. आरोप झालेल्या बाईचे नाव छापू नये, तिच्या घरच्यांना पुन्हा त्रास होईल असे काही उघड करू नये, ही मर्यादा अर्थातच पाळली पाहिजे. पत्ता नोंदवणे आणि पत्ता छापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गूढकथेचा बाजार मात्र नाव, जमीन, आरोप हे सगळे वगळून केवळ भय विकतो. खेड्यात एखाद्या बाईला जिवाला मुकावे लागेल अशी समजूत शहरात करमणूक होते. विवेकवाद्यांनी आपला रोख या बाजाराकडे वळवावा. पत्त्यासकट कथा नोंदवणारा त्यांचा सोबतीच आहे.

या सगळ्याला घाई का, तेही सांगतो. मुंबईला पाणी पुरवणारे तलाव शहापूर तालुक्यात एकामागून एक बांधले गेले. तानसा १८९२ साली पुरे झाले, मध्य वैतरणा २०१४ साली. मधल्या काळात भातसा आणि इतर. याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. वैशाखऱ्याच्या परिसरातून वाहणाऱ्या काळू नदीवर धरणाचे काम सुरू झाले होते. वनखात्याची मंजुरी नसताना ते चालू आहे, या कारणावरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ साली ते थांबवले. त्यानंतरही हा प्रकल्प पुन्हा पुन्हा चर्चेत येत राहिला आहे. धरणाच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारे लोक आहेत, तो वाद येथे सोडवण्याचा आमचा इरादा नाही. मात्र धरणाच्या कागदपत्रांत घरांची मोजणी होते, झाडांची होते, जमिनीची होते. डोहावरच्या साती आसरा, शिवेवरचा वाघोबा, वाटेवरचा वेताळ यांची नोंद तेथे झालीच तर दगड म्हणून होते. ज्या ठिकाणी कथा सांगितली जाते ते ठिकाण पाण्याखाली गेले की ‘अमुक ओढ्यापाशी’ या शब्दांना अर्थ उरत नाही. पुनर्वसनाच्या वसाहतीत वाढलेल्या नातवाला आजी आसरांची गोष्ट सांगेल. तो डोह तिला दाखवता येणार नाही. एका पिढीनंतर ती गोष्ट कोणत्याही डोहाची होईल, म्हणजेच गूढविशेषांकाच्या कामाची होईल. पत्ता नाहीसा करण्याचे काम एकीकडे पाणी करते आहे. तेच काम दुसरीकडे लेखणीने करू नये, एवढीच आमची मागणी.

नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. सिमुक, सातकर्णी, देवी नायनिका आणि इतर अशी नावे भिंतीवर आजही वाचता येतात. प्रतिमा नष्ट झाल्या, काही ठिकाणी पावले तेवढी शिल्लक आहेत. राजेराण्यांची नावे उरली म्हणून त्यांच्या नुसत्या पावलांवरही पानेच्या पाने लिहिता आली. त्याच घाटाच्या पायथ्याला राहणाऱ्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, आगरी माणसांच्या कथा अख्ख्या उरल्या आणि नावे मात्र आपण लिहून घेतली नाहीत.

म्हणून अध्यापकांना आमचे सांगणे आहे. विद्यार्थ्याने लोककथा म्हणून काही आणले तर त्याला पाच गोष्टी विचारा : गाव आणि जागा कोणती, सांगणारा कोण, आणि त्याची नाव देण्यास संमती आहे का, तारीख कोणती, कोणत्या बोलीत सांगितली आणि ते शब्द लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून घेतले का, आणि ही कथा त्याच गावात दुसरे कोणी वेगळी सांगते का. पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण ‘स्थानिक लोक’ नावाचा एकमुखी प्राणी त्याच प्रश्नाने मरतो. गावात दोन माणसे एकच कथा दोन तऱ्हेने सांगतात, त्यांचे भांडण असते, आणि त्या भांडणात बहुधा गावाचा खरा इतिहास असतो. एवढी उत्तरे नसतील तर प्रबंध परत करा. रमणीय भाषेत लिहिला असेल तर अधिक निष्ठुरपणे परत करा.

विद्यार्थ्यांना सांगणे याहून सोपे आहे. मुंबई विद्यापीठाच्या परिसरातून मुरबाड काही तासांच्या अंतरावर आहे, आणि कल्याणहून तेथे जायला एस.टी. मिळते. वैशाखऱ्याला उतरून घाट चढण्याआधी एक दिवस पायथ्याच्या पाड्यांवर थांबा. कोणी काही सांगितले तर वहीत आधी त्याचे नाव लिहा, मग गोष्ट. कोणी काहीच सांगितले नाही, तर तेही तारखेसह लिहा. परक्या माणसाला गोष्ट न सांगण्याचा हक्क गावाला आहे, आणि आजवर ज्यांनी गोष्टी नेल्या त्यांनी तो वापरण्याची कारणे पुष्कळ दिली आहेत.